सव्वातीन फुटांवर

१

भाग्यश्री चौगुले सोमवारी सकाळी आपल्याच नव्या घरात डोकं फुटून मेली. हॉलमधून जेवणघरात चढायला ग्रॅनाइटची एक पायरी होती, तिच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं. शेजारी स्टूल आडवं पडलेलं होतं आणि वर, जेवणघराच्या दाराच्या चौकटीवर, तिच्या सासऱ्यांचं म्हणजे कैलासवासी आण्णांचं तैलचित्र लावलेलं होतं. चित्र लावताना पाय घसरला, असं सगळे म्हणाले. पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं. कसबा बावड्यातल्या त्या नव्या कॉलनीत अजून कोणी कोणाला धड ओळखत नव्हतं, त्यामुळं हळहळही लवकर आटोपली.

पद्मजाबाई बुधवारी दुपारी भेटायला गेल्या. छत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली ही बाई भलतीच तिरसट. कोणाच्या घरी गेल्या आणि भिंतीवरची फ्रेम तिरकी दिसली, की चहाआधी ती सरळ करायच्या, मग यजमानाला बरं वाटो न वाटो. भाग्यश्री त्यांची जुनी विद्यार्थिनी होती. नव्या घरात कुठलं चित्र कुठं लावायचं, याच्यावर दोघींनी पंधरा दिवस डोकं खपवलं होतं, भांडल्याही होत्या. मुलगी गेली याचं दुःख बाईंच्या छातीत दगडासारखं बसलं होतं आणि दुःख झालं की त्यांना राग येत असे.

त्या उंबऱ्यातून आत आल्या, समोर बघितलं आणि तिथंच थांबल्या.

हॉलमध्ये चाकाच्या खुर्चीत भाग्यश्रीच्या सासूबाई, अक्काताई बसल्या होत्या. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू लुळी आणि वाचा बंद. त्यांच्यासमोरच्या भिंती अजून कोऱ्या होत्या आणि चित्रं खाली रांगेनं टेकवून ठेवलेली होती. एकटे आण्णाच काय ते आठ फुटांवर, चौकटीच्या वर, चढून बसले होते.

बाई बाहेर आल्या आणि पायरीवर उभं राहूनच फोन लावला. इन्स्पेक्टर गुरुप्रसाद हाही त्यांचाच विद्यार्थी, पाचवीत त्यानं हत्तीला पाच पाय काढले होते.

"गुरू, ताबडतोब बावड्याला ये," त्या म्हणाल्या. "ते चित्र भाग्यश्रीनं लावलेलं नाही."

२

गुरुप्रसाद आला तो जरा वैतागूनच. अपघाताची फाइल बंद करायची म्हणून त्यानं डॉक्टरांचा अहवालही आणून ठेवला होता.

"बाई, चित्र कुणीबी लावू दे की. पाय घसरायचा तो घसरलाच."

बाईंनी त्याला भिंतीपाशी नेलं आणि सरळ खाली बसायला लावलं. खाकी पँट सावरत तो बसला. भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या. हॉलच्या चारही बाजूंना, सगळ्या एकाच उंचीवर, जमिनीपासून सव्वातीन फूट. प्रत्येक फुलीशेजारी भाग्यश्रीच्या टपोऱ्या अक्षरात चित्राचं नाव होतं. अक्काताईंच्या खुर्चीच्या अगदी समोरच्या फुलीपाशी लिहिलं होतं, 'आण्णा'.

"चित्र माणसाच्या नजरेला नजर देईल अशा उंचीवर लावतात," बाई म्हणाल्या. "पण कुणाच्या नजरेला? उभ्या माणसाच्या? पोरीनं मला विचारलं, बाई, या घरात दिवसभर भिंती कोण बघणार? आक्का. मग चित्रं आक्कांच्या उंचीला पाहिजेत. त्या खुर्चीत मी स्वतः बसून माप दिलंय तिला. सव्वातीन फुटाला स्टूल कशाला लागतं, गुरू? आणि भिंतीला भोकं पाडायला फ्रेमवाला ज्ञानू दुपारी चार वाजता यायचा होता. सकाळी तिला घाई कसली होती?"

खाली बसल्या बसल्याच गुरुप्रसादनं टोपी काढली.

"म्हणजे आधी मेली, आणि मग कुणीतरी चित्र वर चढवलं."

"आणि स्टूल आडवं केलं. त्याला सव्वातीन फुटाची गोष्ट माहीत नव्हती. वडीलधाऱ्याचं चित्र चौकटीवर असतं, एवढंच त्याला ठाऊक. तोरणाचा खिळा आयता होताच तिथं."

बनाबाई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. अक्काताईंचं करायला ती रोज दहाला यायची. सोमवारी तिनंच सगळं आधी बघितलं होतं.

"दार नुस्तं लोटलेलं हुतं," ती म्हणाली. "मी हाक मारली, वैनी, अवो वैनी. आत बगतोय तर ह्यो परकार. आन् म्हातारी हितंच, आत्ता हाय तितंच. डोळं असं फाडून बसल्याली."

"म्हणजे जे झालं ते त्यांच्यासमोर झालं," बाई हळूच म्हणाल्या.

"व्हय की. वरीसभर तोंडातनं सबुद न्हवता बगा. सोमवारपास्नं एकच चाललंय. मग, मग, मग. पुढं काय न्हाई."

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. अक्काताईंचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटत होता आणि ओठ वाकडे करून त्या म्हणत होत्या, "मग... मग..."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला. बनाबाई खिडकीतून बघून म्हणाली, "आली दोगंबी, भाऊ-भन. म्हातारीला कुनी न्ह्यायचं त्यावरनं सकाळधरनं जुपलीया त्येंची. उद्या अकरा वाजता न्हेनार हाईत."

बाईंच्या हातातला कप थांबला. जिनं सगळं बघितलं आणि जिला सांगता येत नाही, ती उद्या कोणाच्या तरी हवाली होणार होती.

३

प्रियदर्शनी ही अक्काताईंची थोरली मुलगी, पेठ वडगावला दिलेली. बुटकी, ठसठशीत, आवाज अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असा. बाईंनी तिला चित्राबद्दल विचारलं आणि तिनं पदर खोचला.

"खोटं कशाला बोलू? भांडले मी तिच्याशी, आदल्या रविवारीच. आण्णांना गुडघ्याला लावती म्हणती! अवो, आमच्या आण्णांसमोर माणसं उभी राहायची न्हाईत, आणि हिनं त्यांना पायाशी बसवायचं? चौकटीवर लाव म्हणून सांगितलं मी. ऐकलं न्हाई तिनं."

"शेवटी लागलंच की चौकटीवर," गुरुप्रसाद म्हणाला.

प्रियदर्शनीचा चेहरा उतरला. तिनं वर बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली.

"सोमवारी सकाळी तुम्ही कुठं होता?"

"वडगावातच. घरात. एकटी." एवढं बोलून ती आईपाशी जाऊन बसली आणि तिचे केस विंचरायला लागली.

केतन, भाग्यश्रीचा नवरा, प्रियदर्शनीहून तीन वर्षांनी धाकटा. उंच, गोरा, बायको गेल्यापासून दाढी न केलेला. आजऱ्याला त्याचा काजूचा कारखाना. सीझन चालू असल्यामुळं दहा दिवस तो तिकडंच होता. बनाबाईचा फोन आला तेव्हा कारखान्यातच होतो, तिथून निघून साडेबाराला पोचलो, असं त्यानं सांगितलं. बोलता बोलता त्यानं बाहीनं डोळे पुसले. ते नाटक नव्हतं, हे बाईंना कळलं आणि त्या आणखी गोंधळल्या.

"फार जीव होता तिचा आईवर," तो म्हणाला. "कारखान्याचं पोतं, सुतळीचा तुकडा घरात येऊ द्यायची न्हाई. टरफलाच्या तेलानं कातडं सोलतंय, आईला लागंल म्हणून. मी आलो तरी मागच्या नळावर हात धुऊन, कापडं बदलून आत."

"आता आईचं काय करणार?"

"मिरजेच्या पुढं एक आश्रम बघितलाय. चांगला हाय. ताईला झेपायचं न्हाई, तिला तर कारखान्याकडं यायला वर्षात सवड झाली न्हाई. आईला आता काय कळतंय? नुस्तं मग, मग करती. मग काय झालं, पुढं काय, असं विचारती बिचारी."

"मी नेणार तिला!" प्रियदर्शनी तिकडून ओरडली. "आश्रमात कशाला? मी मेले काय?"

बाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. दोघांनाही आई हवी होती. त्यातल्या एकाला तरी ती गप्प राहायला हवी असणार. त्यांनी विषय बदलला आणि अक्काताईंचं माहेर कुठलं, एवढंच सहज विचारलं.

"सदलग्याच्या पलीकडं, कर्नाटकात," प्रियदर्शनी म्हणाली. "सुट्टीला आम्ही जायचो. आजोळात सगळी कानडीच बोलायची. पण आई हितं आल्यावर कधी बोलली न्हाई. सासू हसायची म्हणं, म्हणून तोंड मिटलं ते मिटलंच."

बाई नोकरीच्या सुरुवातीला सहा वर्षं सीमेवरच्या एका गावात शिकवायला होत्या. शाळेच्या फाटकाशी दुपारी जेवणाचा डबा घेऊन येणाऱ्या आया त्यांना आठवल्या. आपापल्या पोरांना त्या कशा हाका मारायच्या, तेही आठवलं. त्या ताडकन उठल्या आणि गुरुप्रसादला दंडाला धरून अंगणात घेऊन गेल्या.

"गुरू, ती म्हातारी 'मग' म्हणून काहीही विचारत नाहीये. ती मराठीत बोलतच नाहीये."

४

"अशा झटक्यात माणसाची भाषा कधी कधी माहेरी परत जाते," बाई म्हणाल्या. "कानडीत 'मग' म्हणजे मुलगा."

गुरुप्रसादनं दाराकडं बघितलं. "मग तर झालंच की. केतन."

"थांब, उतावळ्या. कानडीत मुलीला 'मगळू' म्हणतात. म्हातारीची जीभ लुळी आहे. तिचा शेवटचा 'ळू' गळला असेल तर? अर्ध्या शब्दावर कोणाच्या पोटच्या पोराला फासावर नको चढवायला."

"पण केतननं अर्थ सांगितला, न विचारता. पुढं काय असं विचारती म्हणाला."

"चोराच्या मनात चांदणं, ते खरं. तोही सुट्टीला आजोळी जात होता, 'मग' त्यालाही कळतं. पण कोर्ट चांदण्यावर चालत नाही. आणि चित्र चौकटीवर लाव म्हणून भांडली होती ती बहीण."

दोघं आत आले. बाईंनी चित्र खाली काढायला सांगितलं. प्रियदर्शनी हरकत घेणार होती, पण गुरुप्रसादचा चेहरा बघून बाजूला सरली. त्यानं स्टुलावर चढून, दोन्ही हात ताणून चित्र उतरवलं. मागं दोन पितळी कड्या होत्या, त्यांतून सुतळी ओवून वर गाठ मारलेली होती. भिंतीच्या पांढऱ्या, दोन महिन्यांच्या रंगावर सुतळी जिथं टेकली होती तिथं तपकिरी डाग उतरला होता. घराचं छप्पर काढावं तशा दोन तिरक्या रेघा. बाईंनी सुतळी चिमटीत धरून बघितली. बोटाला चिकट लागली.

घरी जाऊन त्यांनी हात तीनदा साबणानं धुतले. डाग गेला नाही. सकाळी उठल्या तेव्हा बोटाचं टोक काळपट पडलं होतं आणि मिरची लागल्यासारखं चुरचुरत होतं. नवाच्या सुमाराला त्या रिक्षा करून शाहूपुरीत ज्ञानूच्या दुकानात पोचल्या. ज्ञानू हिऱ्याच्या टोकानं काच कापत होता. त्यानं बोट बघितलं आणि हातातला हिरा खाली ठेवला.

"बाई, ह्ये कुटं गावलं तुमास्नी? काजूच्या टरफलाचं तेल हाय ह्ये. जुन्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून लावत्यात, पर मी हात लावत न्हाई असल्याला. सालटी निघत्यात."

"चौगुल्यांच्या चित्राला सुतळी तू बांधलीस?"

"छ्या! मी दोन कड्या दिलो नुस्त्या. भिंतीत दोन हुक मारायचं, त्यावर चपट बसवायचं. सुतळीवर टांगलं की चित्र फुडं झुकतंय, आन् खुर्चीत बसल्यालीला आण्णांची नजर गावत न्हाई, जमिनीकडं बगत्यात असं वाटतं. वैनींनी दहादा बजावल्यालं मला, सुतळी नगं."

बाईंनी घड्याळ बघितलं. दहा वाजून गेले होते.

५

त्या पोचल्या तेव्हा दारात आश्रमाची गाडी उभी होती. केतननं आईची खुर्ची उंबऱ्यापर्यंत आणली होती आणि प्रियदर्शनी दोन्ही हातांनी चाक धरून बसली होती. तिला ओरडायचंही भान नव्हतं, नुसती रडत होती. गुरुप्रसाद मध्ये उभा होता.

"खुर्ची सोड, केतन," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमी ह्यात पडू नका. आमच्या घरातलं हाय."

"घरातलंच बोलते. भाग्यश्री कारखान्यातला सुतळीचा तुकडा घरात येऊ द्यायची नाही, हे तूच सांगितलंस. ज्ञानूनं सुतळी दिली नाही. मग आण्णांच्या चित्राला काजूच्या तेलानं भिजलेली सुतळी कुठून आली? आणि नुसती भिजलेली नाही, ओली. भिंतीला डाग उतरावा इतकी ओली. बनाबाई दहाला आली तेव्हा चित्र वर होतं. म्हणजे त्याच्या आधी आजऱ्याच्या कारखान्यातून ताजी सुतळी या घरात आली होती. ती चालत आली नाही."

"ताईनं..."

"ताईला सव्वातीन फुटाची गोष्ट माहीत होती, त्यावरनंच ती भांडली. भाग्यश्री ऐकत नाही हे माहीत असलेला माणूस, तिनंच चित्र चौकटीवर लावलं, असा देखावा करेल का? शिवाय ताई तुझ्या कारखान्याकडं वर्षात फिरकलेली नाही. दहा दिवस घरात नव्हतास तो तू. कोऱ्या भिंती बघितल्यास, फुल्या बघायला खाली वाकला नाहीस."

"सोमवारी सकाळी मी आजऱ्यात..."

"पहाटे पाचला गेट सोडलंय तुझ्या गाडीनं," गुरुप्रसाद म्हणाला. "कारखान्याच्या वॉचमनला आत्ता फोनवर विचारलं मी. अपघात म्हणून आधी कुणी विचारलंच नव्हतं."

केतनच्या हातातून खुर्चीची मूठ सुटली. तो उंबऱ्यावरच बसला. एवढा उंच माणूस, पण बसल्यावर एकदम केवढासा दिसायला लागला.

"येत्या रविवारी पन्नास माणसं येणार होती घर बघायला," तो म्हणाला. "पुण्याचा डिझायनर, एवढा खर्च, एवढी हौस. मी एवढंच म्हणालो, चार दिवस आईला आश्रमात ठेवू. हॉलमदी ती खुर्ची बरी दिसत न्हाई. त्याच्यासाठीच आलतो सकाळी, आईला न्ह्यायला. भाग्यश्री आडवी आली. म्हणाली, हा हॉलच आक्कांचा हाय, बाकीच्यांनी बघून जायचं. मी हात झटकला. तेवढंच. ढकललं न्हाई मी, बाई, हात झटकला."

बाईंना त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा संताप आला. पोरगी सव्वातीन फुटांवर एका म्हातारीसाठी जग मांडत होती आणि हा त्या म्हातारीला नको असलेल्या फर्निचरमध्ये मोजत होता.

"आईसमोर," प्रियदर्शनी म्हणाली. "तिच्यासमोर केलंस रे हे सगळं."

"मला वाटलं तिला काय कळतंय."

गुरुप्रसादनं त्याला उठवलं. जाता जाता केतन थांबला आणि खाली मान घालूनच विचारलं, "लगेच गेली का हो ती? तरास झाला का?"

गुरुप्रसादनं बाईंकडं बघितलं. डॉक्टरांचा अहवाल त्यानं वाचलेला होता. सांगावं की न सांगावं, असं क्षणभर त्याला झालं. मग त्यानं सांगितलं.

"अर्धा तास जिवंत होती. वेळेत दवाखान्यात नेली असती तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणतात."

केतननं एकदम मान वर केली.

"संपली असं वाटलं मला."

"नाडी बघितली होतीस?" बाईंनी विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग तो इतकं हळू बोलला, की बाईंना पुढं वाकावं लागलं.

"चित्र सरळ बसत न्हवतं, बाई. एका अंगाला झुकायचं. तीनदा खाली काढून गाठ सोडून बांधली मी."

प्रियदर्शनीनं आईची खुर्ची फिरवली आणि वडगावला जायला आणलेल्या आपल्या गाडीकडं नेली. भावाकडं तिनं बघितलं नाही.